बाबेलचा शेवटचा राजा नबोनिदस

बहरीनमध्ये मी नर्स म्हणून नोकरीला होते तेव्हा शुक्रवारी सुट्टी असायची. अशाच एका शुक्रवारी आम्ही चार-पाच जणी समुद्रकाठचा जुना किल्ला बघायला गेलो. कलात अल-बहरीन त्याचं नाव. वरच्या भिंती पोर्तुगीजांच्या. त्या बघताना मला आपल्या रेवदंड्याची आणि कोर्लईची आठवण झाली. तोच समुद्र, तेच बुरूज, तीच खारी हवा.

पण तिथलं खरं जुनं सगळं किल्ल्याच्या खाली आहे. ती टेकडी देवानं केलेली नाही, माणसांनी केलेली आहे. सुमारे चार हजार वर्षं लोक एकाच जागी घरं बांधत गेले, पडलेल्या घरांवर नवी घरं उभी राहिली आणि मातीचा डोंगर झाला. डेन्मार्कच्या लोकांनी १९५४ पासून तिथं खोदकाम केलं. एका मोठ्या वाड्याच्या जमिनीखाली त्यांना मातीचे वाडगे सापडले. वाडग्यांत सापांचे सांगाडे आणि काहींत सोबत एखादा मणी. एकात तर मोती होता.

या बेटाचं जुनं नाव दिलमुन. बाबेलच्या मातीच्या पाट्यांत इ.स.पू. ५४४ सालची एक पाटी आहे. तिच्यात दिलमुनचा कारभार बघणाऱ्या बाबेलच्या अधिकाऱ्याचा उल्लेख येतो. म्हणजे ज्या बाबेलनं आपलं यरुशलेम जाळलं, त्याच बाबेलचा हात बहरीनपर्यंत पोचला होता. मी वाचलं आणि चकित झाले. मग बघितलं की ५४४ साली बाबेलच्या गादीवर कोण होतं. नाव मिळालं नबोनिदस. त्यानंतर पाचच वर्षांत बाबेल कोसळलं. आज त्याच राजाची गोष्ट सांगते.

आपल्या लोकांना नबुखद्नेस्सर माहीत आहे आणि बेलशस्सरही माहीत आहे. नबोनिदसचं नाव मात्र दानीएलच्या पुस्तकात कुठंच नाही. त्या पुस्तकात बेलशस्सर हा नबुखद्नेस्सरचा मुलगा आणि बाबेलचा राजा आहे. पुष्कळ वर्षं विद्वान म्हणत की असा कोणी राजा झालाच नाही. १८५४ साली ऊर शहरात नबोनिदसचे मातीचे लेख सापडले आणि त्यांत थोरल्या मुलाचं नाव होतं बेलशस्सर. राजा बाप होता आणि बापाच्या गैरहजेरीत मुलगा राज्य बघत होता. भिंतीवरचं लिखाण वाचून दाखवल्याबद्दल बेलशस्सर दानीएलला राज्यातली तिसरी जागा देतो. तिसरीच का, हे त्यामुळे कळतं. पहिला बाप, दुसरा मुलगा, म्हणून द्यायला उरली ती तिसरी.

नबोनिदसची गोष्ट सुरू होते त्याच्या आईपासून. अदाद-गुप्पी तिचं नाव. उत्तरेला हारान शहर आहे, जिथं आपला बाप अब्राहाम कनानला जाण्याआधी राहिला होता, त्या हारानची ती. तिथं चंद्रदेव सीन याचं मोठं देऊळ होतं आणि ती त्याची भक्त होती. इ.स.पू. ६१० च्या सुमाराला बाबेल आणि मेदी यांच्या फौजांनी हारान घेतलं, देऊळ मोडलं. त्या दिवसापासून तिनं चांगले कपडे, तेल, दागिने सोडले. मुलाला घेऊन ती बाबेलच्या दरबारात आली आणि देऊळ परत उभं राहायची वाट बघत राहिली.

या बाईचा दगडावरचा लेख हारानला सापडला आहे. त्यात ती शंभरीच्या पुढची आहे. नजर चांगली, कान चांगले, हातपाय धड, जेवण पचतंय, चौथी पिढी डोळ्यांनी बघितली, असं सगळं त्यात नोंदलेलं आहे. आमच्या वॉर्डात म्हाताऱ्या माणसाची सकाळची नोंद असते ना, तशीच ती मला वाटली. तिचा जन्म इ.स.पू. ६४९ चा आणि मृत्यू ५४७ चा. बाबेलचं हे साम्राज्य सुरू झालं ६२६ साली आणि संपलं ५३९ साली, म्हणजे सत्त्याऐंशी वर्षं. एका बाईचं आयुष्य त्या साम्राज्याच्या आयुष्याहून मोठं होतं. यरुशलेममधून बेड्या घालून नेलेल्या आपल्या लोकांना ते राज्य कधीच संपणार नाही असं वाटलं असेल.

साम्राज्याची ताकद एका माणसात होती. तो माणूस नबुखद्नेस्सर. त्यानं त्रेचाळीस वर्षं राज्य केलं. ठिकठिकाणचे लोक उचलून आणले, खंडणी घेतली आणि त्या पैशानं बाबेलच्या भिंती, दरवाजे, देवळं उभी केली. सगळा माल बाबेलकडे यायचा. बाहेरच्या मुलखांना बदल्यात काय मिळायचं? फार थोडं. तो इ.स.पू. ५६२ मध्ये गेला आणि सहा वर्षांत तीन राजे झाले. पहिला त्याचा मुलगा अवील-मरोदख, ज्यानं आपल्या यहोयाखीन राजाला तुरुंगातून सोडलं. त्याला दोन वर्षांत मारलं. मारणारा नेरिग्लिस्सर चार वर्षं राजा होता. त्याचा मुलगा काही महिनेच टिकला, त्यालाही दरबाऱ्यांनी ठार केलं. मग इ.स.पू. ५५६ मध्ये गादीवर बसला आपला नबोनिदस.

तो राजघराण्यातला नव्हता. तरुणही नव्हता, मुलगा कर्ता झालेला होता. कट करणाऱ्यांत बेलशस्सर होता आणि बापाला त्यानं पुढं केलं, असं पुष्कळ अभ्यासक मानतात. नबोनिदस स्वतः लेखात म्हणतो की राज्य मिळावं असं आपल्या मनातही नव्हतं. ते खरं असावं असं मला वाटतं, कारण त्याचं मन वेगळ्याच गोष्टींत होतं.

त्याला जुन्या वस्तूंचं फार वेड होतं. देऊळ दुरुस्त करायचं झालं की तो आधी पाया खणायला लावायचा आणि मूळ बांधणाऱ्या राजाचा लेख मिळेपर्यंत थांबायचा नाही. सिप्पार शहरात त्याला नराम-सीन नावाच्या प्राचीन राजाचा पायाचा लेख सापडला. तो ३,२०० वर्षांपूर्वीचा आहे असा हिशोब त्यानं मांडला. हिशोब चुकला, खरी वर्षं १,७०० च्या आसपास होती. पण असा हिशोब करावासा वाटणारा राजा विरळाच. मुलीला त्यानं ऊरच्या चंद्रमंदिरात मुख्य पुजारीण केलं. १९२५ साली ऊरमध्ये वूली नावाच्या इंग्रज संशोधकाला तिच्या वाड्यात वेगवेगळ्या काळातल्या जुन्या वस्तू एकत्र मिळाल्या आणि सोबत माहिती लिहिलेला मातीचा तुकडा. जगातलं पहिलं म्युझियम म्हणून त्याचा उल्लेख करतात.

हा छंद कोणाला खुपला नसता. खुपला तो देव. बाबेलचा मुख्य देव मर्दुक. त्याचे पुजारी श्रीमंत होते, जमिनी, धान्य, कामकरी सगळं देवळाच्या हातात. नबोनिदसनं आईच्या चंद्रदेवाला मोठं करायला सुरुवात केली. आधी बेतानं, पुढं पुढं उघड. वर देवळांच्या कारभारावर आपले अधिकारी नेमले. पुजारी दुखावले. त्याच काळात धान्य महाग होत चाललं होतं, हे बाजाराच्या पाट्यांवरून दिसतं. पोटात कमी आणि देवाचा अपमान, दोन्ही एकदम झालं की लोक दोन्हींचा दोष एकाच माणसाला देतात.

आणि मग त्यानं ती गोष्ट केली जी आजही कोणाला नीट उलगडत नाही. राज्याच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षी त्यानं राजधानी बेलशस्सरच्या हाती दिली आणि फौज घेऊन अरबस्तानात निघून गेला. सातशे-आठशे किलोमीटर लांब तेमा नावाचं वाळवंटातलं पाण्याचं गाव आहे, तिथं वाडा बांधून तो दहा वर्षं राहिला. खैबर, फदक, यथ्रिब म्हणजे आजचं मदिना, ही गावं त्यानं ताब्यात घेतली. पुढच्या शतकांत याच गावांत यहुद्यांची मोठी वस्ती होती. त्यांतले पहिले लोक नबोनिदसच्या फौजेबरोबर आले असावेत, असा काही अभ्यासकांचा अंदाज आहे. २०२१ साली सौदी सरकारनं जाहीर केलं की फदकच्या बाजूला, अल-हाइत इथं, खडकावर नबोनिदसचं चित्र आणि लेख सापडला आहे.

तो का गेला? उंटांच्या तांड्यांचा धूप-मसाल्याचा व्यापार हाती ठेवायला, असं एक मत. चंद्रदेवाच्या भक्तीसाठी, असं दुसरं. त्याचं स्वतःचं म्हणणं हारानच्या लेखात आहे. बाबेलचे लोक देवाला विसरले, आपापसांत भांडू लागले, ताप आणि दुष्काळ पसरला, म्हणून मी दूर गेलो, असा त्याचा आशय.

चौथं कारण आपल्या लोकांनी लिहून ठेवलं आहे. मृत समुद्राकाठच्या कुमरानच्या गुहेत अरामी भाषेतले चामड्याचे काही तुकडे मिळाले. त्यांत नबोनिदस राजा तेमामध्ये असताना त्याला सात वर्षं वाईट फोडांचा आजार झाला आणि एका यहुदी माणसानं त्याला खऱ्या देवाकडे वळवलं, अशी कथा आहे. दानीएलच्या पुस्तकात नबुखद्नेस्सर सात वर्षं वेडा होऊन गवत खात फिरतो. ती मूळची नबोनिदसचीच गोष्ट असावी आणि पुढं मोठ्या राजाच्या नावावर गेली असावी, असं पुष्कळांना वाटतं. मी नर्स असल्यामुळे या तुकड्यांवर माझं मन थांबलं. पण अडीच हजार वर्षांपूर्वीच्या फोडांचं निदान करायला जाऊ नये.

कारण काही असो, परिणाम बघा. बाबेलमध्ये नीसान महिन्यात नवीन वर्षाचा सण असायचा, अकितू म्हणत. अकरा-बारा दिवस चालायचा. त्यात राजानं मर्दुकच्या मूर्तीचा हात धरून मिरवणुकीत चालायचं असे. नंतरच्या पाट्यांत विधीही लिहिलेला आहे. मुख्य पुजारी राजाची राजचिन्हं काढून घ्यायचा आणि त्याच्या थोबाडीत मारायचा. मी शहराकडे दुर्लक्ष केलं नाही, असं राजानं देवासमोर सांगायचं. मग चिन्हं परत मिळायची. वर्षातून एकदा राजाला जबाब द्यावा लागे आणि लोक ते मानत.

राजा नाही तर सण नाही. बेलशस्सर कारभार बघत होता, लोकर-व्यापाराचे त्याच्या घरचे व्यवहार पाट्यांवर दिसतात, पण राजाच्या जागी तो देवाचा हात धरू शकत नव्हता. बाबेलच्या बखरीत वर्षामागून वर्ष तीच कोरडी नोंद येते. राजा तेमामध्ये, नीसानमध्ये बाबेलला आला नाही, सण झाला नाही. नवव्या वर्षी आई गेली, तेव्हाही बखर राजा तेमामध्ये असल्याचंच सांगते. तीन दिवस राजपुत्र आणि फौज रडली.

याच काळात, ५४४ मध्ये, दिलमुनच्या त्या अधिकाऱ्याचा उल्लेख येतो. नकाशावर बघा. अरबस्तानाच्या पश्चिमेला तेमामध्ये राजा बसलेला आणि पूर्वेला बहरीनच्या बेटावर त्याचा अधिकारी. बाबेल एवढं लांब पोचलं होतं. रुग्ण शॉकमध्ये जातो तेव्हा आधी त्याचे हातपाय गार पडतात, कारण शरीर आतल्या काळजाला आणि मेंदूला जपतं. बाबेलचं उलटं चाललं होतं. हातपाय ऊबदार होते आणि काळीज थंड पडत होतं.

तिकडे पूर्वेला पारसदेशात कोरेश उठला. इ.स.पू. ५५० मध्ये त्यानं मेदी राजाला हरवलं. गंमत म्हणजे नबोनिदसला तेव्हा आनंद झाला होता, कारण मेदी लोकांमुळेच हारानचं देऊळ अडलं होतं. एका लेखात त्यानं कोरेशचं कौतुक लिहवून घेतलं आहे. देऊळ बांधून झालं, आईची इच्छा पुरी झाली. पण कोरेश थांबला नाही. थोड्याच वर्षांत लिदियाचा श्रीमंत राजा क्रीसस त्याच्या हाती लागला आणि बाबेल उत्तरेकडून व पूर्वेकडून वेढलं गेलं.

इ.स.पू. ५४३ च्या सुमारास नबोनिदस परतला. परत येऊन त्यानं दुखावलेल्यांना जवळ केलं नाही. चंद्रदेवाचा आग्रह आणखी वाढवला. शेवटच्या वर्षी, ५३९ मध्ये, नीसानचा सण मात्र नीट पार पडला. तोवर फार उशीर झाला होता. शत्रू येतोय म्हणून त्यानं गावोगावच्या मूर्ती राजधानीत आणवल्या. हेतू रक्षणाचा असेल, पण त्या गावांना वाटलं राजानं आमचा देवही नेला.

तिश्री महिन्यात तिग्रिस नदीकाठी ओपिसला लढाई झाली आणि बाबेलची फौज मोडली. तिश्रीच्या १४ तारखेला सिप्पार लढाईशिवाय पडलं, नबोनिदस पळाला. १६ तारखेला कोरेशचा सेनापती बाबेलमध्ये शिरला. नबुखद्नेस्सरच्या त्या प्रचंड भिंतींवर लढाई झालीच नाही. महिन्याची तारीख आपल्या सुक्कोथमधली आहे, लक्षात घ्या. दोन-अडीच आठवड्यांनी कोरेश स्वतः आला तेव्हा लोकांनी त्याच्या वाटेवर हिरव्या फांद्या पसरल्या, असं बखर सांगते. बाजारातल्या कारकुनांनी काही दिवसांतच पाट्यांवर नबोनिदसच्या जागी कोरेशचं नाव घातलं आणि खरेदी-विक्री चालू ठेवली. ज्या राज्यासाठी कोणी एक दिवसही दुकान बंद ठेवलं नाही, ते किती आधी संपलं असेल?

नबोनिदस बाबेलमध्येच पकडला गेला. बेरोसस नावाच्या बाबेलच्या पुजाऱ्यानं पुढं ग्रीक भाषेत इतिहास लिहिला. त्यात म्हटलंय की कोरेशनं त्याला मारलं नाही, कर्मानियात, म्हणजे इराणच्या आजच्या केरमानकडे, राहायला पाठवलं आणि तो तिथं वारला. बहरीनच्या समुद्रापलीकडचा तो मुलूख. ज्या राज्यानं आपल्याला परदेशी नेलं, त्याचा शेवटचा राजा परदेशात मेला.

एक गोष्ट मात्र सांगायला हवी. नबोनिदसबद्दल वाईट लिहिणारे सगळे एकतर रागावलेले पुजारी होते नाहीतर कोरेशचे लोक. १८७९ साली बाबेलमध्ये सापडलेला कोरेशचा मातीचा लेख २०१३ मध्ये मुंबईच्या म्युझियममध्ये ठेवला होता, तुमच्यातल्या काहींनी बघितला असेल. त्यात नबोनिदस पापी आणि कोरेश देवानं निवडलेला. जिंकणारा असंच लिहितो. म्हणून सगळा दोष एका म्हाताऱ्या राजावर टाकू नये. गादी खुनांनी हलली होती, धान्य महाग होतं, बाहेरच्या लोकांना त्या राज्याचं काही देणं लागत नव्हतं. हा आजार त्याच्या आधीपासूनचा. त्याच्या राज्यात तो बळावला, कारण उशाशी बसायच्या वेळी तो उठून गेला.

आता आपल्याकडे वळते. त्याच बाबेलमध्ये, त्याच वर्षांत, आपले लोक राहत होते. त्यांचं मंदिर जळलेलं, राजा कैदेत मेलेला. बाबेलच्या लोकांचा सण राजा नसला तर बंद पडायचा. आपला शब्बाथ कोणत्याही राजावर अवलंबून नव्हता. शुक्रवारी सूर्य मावळला की तो येतो, कोणाच्या घरी दिवा असो वा नसो. कोरेशनं परत जायची परवानगी दिली तेव्हा जायला लोक उरले होते, ते या सवयीमुळे. बाबेल गेलं. जाताना महिन्यांची नावं आपल्याकडे ठेवून गेलं. नीसान, तम्मूज, एलूल, तिश्री ही सगळी त्यांचीच.

आणि पुढं आपले वाडवडील कोकणात आले तेव्हा त्यांच्याजवळ काय होतं? राजा नव्हता, मंदिर नव्हतं, सेफेर तोरासुद्धा नव्हता. शनिवारी घाणा बंद ठेवायचा, शेमा म्हणायचं, मुलाची सुंता करायची, एवढं होतं. त्या बंद घाण्यामुळे गावानं त्यांना शनवार तेली म्हटलं. यरुशलेमच्या मंदिराचा नाश नबुखद्नेस्सरनं केला, त्या दिवसाचा उपास ते बिरड्याचा सण म्हणून पाळत राहिले. नाव कोकणी झालं, दिवस सुटला नाही.

आता आपण थोडे उरलो. कोकणातल्या कितीतरी सिनेगॉगमध्ये दहा पुरुष जमवायला आधी फोन करावे लागतात. त्याचं वाईट वाटतंच. बहरीनलाही मनामाच्या बाजारात एक लहान सिनेगॉग आहे. तिथले यहुदी इराकातून, म्हणजे बाबेलच्याच मुलखातून, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटाकडे आलेले. आज ती काही मोजकीच घरं आहेत. पण आहेत.

किल्ल्यावरून आम्ही परतलो तेव्हा सूर्य मावळायला आला होता. खोलीत गेले, हात धुतले आणि दोन मेणबत्त्या लावल्या. एकटीच होते.

पुढच्या आव महिन्यात घरी बिरडं होईल. तेव्हा नातवंडांना जवळ बसवा आणि हे कोणत्या दिवसाचं बिरडं ते सांगा. फोनवर सांगा, जमेल तसं सांगा. राज्य कोणी बुडवलं हे त्यांना नाही आठवलं तरी चालेल. बिरडं आठवलं पाहिजे.